अळिंबीच्या पिशव्या : ठेवायच्या कशा आणि किती दिवस

(इस्लामपूर येथे भगिनींच्या सभेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय फळ्यावर वाचून मागच्या बाकावर थोडे हसू झाले, ते मी ऐकले. मिशनच्या सभेत मशरूमच्या पिशव्या कशा ठेवायच्या, हा काय विषय झाला? पण मागच्या ईस्टरला तुम्ही चाळीस पिशव्यांचे पैसे दिलेत. कुणी आईच्या स्मरणार्थ दिले, कुणी नातवाच्या बाप्तिस्म्याचा आनंद म्हणून. एका आजींनी तर पेन्शनमधून दोन पिशव्या दिल्या. प्रत्येक पिशवीवर चिठ्ठी लावून आपण प्रार्थना केली. पुढे आपल्या अंकात एक ओळ छापून आली की कातकरी वाडीला अळिंबीच्या पिशव्या पोहोचल्या. ती ओळ खोटी नव्हती, पण अर्धीच होती. उरलेली अर्धी सांगायला मी आज उभी आहे, कारण त्यात चूक माझी आहे.

पिशव्या ईस्टरनंतरच्या मंगळवारी आल्या. धिंगरी अळिंबीच्या तयार पिशव्या होत्या. पेंढा भरलेला, बी घातलेले आणि आत पांढरे जाळे पूर्ण पसरलेले. घरी न्यायच्या, प्लास्टिकला चिरा द्यायच्या, पाणी शिंपडायचे, आठ-दहा दिवसांत अळिंबी खुडायची, असे ते किट. सभागृहामागच्या खोलीत मी त्या रचून ठेवल्या. खोलीला वर पत्रा आहे, हे तुम्हाला माहीत आहे. पाच-पाच पिशव्यांची थप्पी लावली. उंदीर लागू नयेत म्हणून वरून ताडपत्री घट्ट बांधली आणि पोरांनी हात लावू नये म्हणून कुलूप घातले. मनात म्हटले, बियाणेच आहे, पेरेपर्यंत राहील.

आता वाडीकडे वळते. वाडी रायगड जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला आहे. नाव सांगत नाही, त्यांची अडचण चारचौघांत मांडायला मला त्यांनी परवानगी दिलेली नाही. इथून कराड, पाटण, कुंभार्ली घाट उतरून चिपळूण आणि मग कशेडी ओलांडून पोलादपूर, असा तो रस्ता. कातकरी म्हणजे पूर्वी खैराच्या झाडापासून कात काढणारी जमात. महाराष्ट्रात विशेष असुरक्षित आदिवासी गट म्हणून सरकारने तीन जमाती धरल्या आहेत, कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. जंगल हातचे गेले, कात गेला, जमीन तर बहुतेकांकडे कधी नव्हतीच. आता दिवाळी झाली की बिऱ्हाड पाठीवर घेऊन वीटभट्टीवर जायचे आणि पावसाच्या तोंडाला परत यायचे. एप्रिलमध्ये वाडीत कोण असते? म्हातारी माणसे, एखाददुसरी बाळंतीण आणि कुत्री. म्हणजे ज्यांच्यासाठी पिशव्या घेतल्या ते सगळे भट्टीवर होते, आणि पिशव्या आमच्या पत्र्याखाली. ईस्टरला दान घ्यायचे ही आपली सोय. भट्टीचा हंगाम काही आपल्या सणांकडे बघून संपत नाही.

सहा आठवड्यांनी, जूनच्या पहिल्या आठवड्यात, मी कुलूप काढले. ताडपत्री सोडली तशी आंबलेल्या वासाची वाफच अंगावर आली. सतरा पिशव्यांत हिरवी बुरशी होती. अकरा पिशव्या खालून पाणी सुटून पिवळट, मऊ झाल्या होत्या. बारा वरून पांढऱ्या दिसत होत्या, त्या घेऊन आम्ही गेलो. त्यातल्या सात पिशव्यांना अळिंबी आली, तीही ओंजळभर. चाळीसपैकी सात.

मी एकतीस वर्षे नर्सचे काम केले. लसीचा डबा घेऊन वस्त्यावस्त्यांवर हिंडले. पोलिओचा डोस गार ठेवायचा, बर्फाच्या पट्ट्या बदलायच्या, डबा उन्हात टेकवायचा नाही, कुपीवरची खूण बघायची, हे मी झोपेतसुद्धा सांगेन. डबा खिडकीत ठेवला म्हणून शिकाऊ मुलींना रडेपर्यंत बोलले आहे. आणि मीच चाळीस जिवंत पिशव्या एप्रिल-मे महिन्यात पत्र्याखाली कोंडल्या.

जिवंत म्हणते ते उगाच नाही. गव्हाचे पोते कोठीत ठेवले तर दाणा झोपलेला असतो. तयार पिशवीतली अळिंबी जागी असते. ते पांढरे जाळे म्हणजे तिचे तंतू. ते पेंढा खातात, श्वास घेतात, आणि श्वास घेणाऱ्या प्रत्येक जिवासारखी त्यांना ऊब सुटते. धिंगरीच्या तंतूंना साधारण 22 ते 28 अंश सेल्सिअस मानवते. 35 च्या वर त्रास सुरू होतो आणि 40 च्या आसपास मरणच. आता आपल्याकडचा एप्रिल आठवा. बाहेर सावलीतच पारा 38-40 ला टेकतो, पत्र्याखाली त्याहून जास्त. त्यात पिशवीचे स्वतःचे ऊन. एकावर एक पाच ठेवल्या की मधल्या पिशवीचे ऊन जाणार कुठे? वरून ताडपत्री, म्हणजे हवाही बंद. तंतू थकले, मेले, आणि मोकळ्या झालेल्या पेंढ्यावर हिरवी बुरशी बसली. ती हवेत सगळीकडे असतेच, फक्त दार उघडे मिळायची वाट बघते.

कुणी म्हणेल, चाळीस पिशव्या गेल्या, काही हजारांचे नुकसान, त्यात एवढे काय? म्हणून जरा उचल समजून घ्या. आपल्या भागात ऊसतोडीची उचल सर्वांना माहीत आहे, भट्टीचीही तशीच. पावसाळ्यात वाडीत काम नसते. आषाढ-श्रावणात चूल पेटायची पंचाईत असते. तेव्हा भट्टीचा मुकादम येतो, हातावर पैसे ठेवतो, आणि दिवाळीनंतर ते कुटुंब त्याच्या भट्टीवर बांधले गेलेले असते. वेठबिगारी बंद करणारा कायदा 1976 सालीच झाला, पण श्रावणात पोर भुकेने रडू लागले की कायदा कुणाला आठवतो? हंगाम संपल्यावर हिशेब होतो, आणि पुष्कळदा हिशेबानंतरही अंगावर बाकी राहते.

आमचा विचार एवढाच होता की जुलै-ऑगस्टमध्ये घरात अळिंबी निघावी. पोरांच्या ताटात पडावी, थोडी बाजारात जावी आणि उचल थोडी कमी घ्यावी लागावी. मटण-मासळी बंद असते त्या श्रावणात अळिंबीला गिऱ्हाईक असते. आमच्या शब्दावर तिघी जणींनी आषाढात मुकादमाला परत पाठवले होते, अळिंबी येणार आहे म्हणून. श्रावणाच्या दुसऱ्या आठवड्यात त्या तिघींनीच त्याला निरोप पाठवला. गरज जास्त होती, म्हणून या वेळी उचलही आदल्या वर्षीपेक्षा मोठी घेतली. हे मला त्यांच्यापैकी एकीने सांगितले, आणि रागावून नाही, तांदूळ निवडता निवडता. मला ती रागावली असती तर बरे वाटले असते.

वाडीतल्या एका म्हातारीला मी सहा आठवड्यांची गोष्ट सांगितली तेव्हा तिने आधी माझ्याकडे नीट बघितले. पहिल्या पावसानंतर वारुळावर येणारी अळंबी ती लहानपणापासून आणते. ती अळंबी वाळवीच्या सोबतीनेच वाढते, म्हणून तिची शेती अजून कुणाला साधलेली नाही. ती म्हणाली, "बाई, सहा हप्ते ठेवली? आमी सकाळची सांजपावेतो ठेवत नाय." (जाता जाता सांगते, रानातली अळंबी ज्याला कळते त्यानेच आणावी. त्यांचे बघून आपण इथे बांधावरची उपटून आणायची नाही. विषारी जाती हुबेहूब तशाच दिसतात.)

मग ठेवायचे कसे? तुमच्यापैकी पुष्कळ जणींनी घरासाठीही किट मागवले आहे, म्हणून नीट सांगते.

पहिली गोष्ट, तयार किट शक्यतो ठेवायचेच नाही. ज्या आठवड्यात लावायचे त्याच आठवड्यात आणायचे. लग्न आहे, गावाला जायचे आहे, परीक्षा आहेत, मग नंतर मागवा. तरी थांबावे लागलेच तर आठ-दहा दिवस, फार तर दोन आठवडे. जागा घरातली सर्वांत थंड आणि अंधारी बघा. आपल्या जुन्या मातीच्या घरांत मधली खोली असते ना, ती उत्तम. स्लॅबच्या घरात वरचा मजला नको, खालच्या खोलीत फरशीजवळ ठेवा. चुलीजवळ, फ्रीजच्या मागे, टीव्हीच्या वर, गाडीच्या डिकीत नको. पिशव्या एकमेकींपासून चार बोटे दूर, उभ्या, एकावर एक कधीच नाही. पिशवीला जी भोके असतात किंवा तोंडाला जो कापसाचा बोळा असतो तो तिचे नाक आहे. तो ओला करायचा नाही, काढायचा नाही, वरून दुसरी प्लास्टिक पिशवी बांधायची नाही. लावायचा दिवस येईपर्यंत चिरा द्यायच्या नाहीत आणि पाणीही मारायचे नाही. फिनेल, डासांचा फवारा, धान्यातली औषधे यांच्यापासून दूर. उंदरांची भीती खरी आहे, कारण आतल्या बियाण्यात गहू-ज्वारीचे दाणे असतात. त्यासाठी जाळीचे कपाट किंवा दोरीला टांगलेली टोपली चालेल. माझ्यासारखी ताडपत्री नको.

आणि रोज बघा. कापसासारखी पांढरी, हाताला घट्ट, ताज्या अळिंबीचा वास, म्हणजे ठीक आहे. थोडे पिवळसर पाणी दिसले तर लगेच घाबरू नका, पिशवी म्हातारी होत आली एवढाच त्याचा अर्थ, तिला पुढे घ्या. आतच टाचणीच्या डोक्यासारखे कोंब दिसू लागले तर तुमचा मुहूर्त सोडा, त्याच दिवशी चिरा द्या. ती थांबणार नाही. हिरवे किंवा काळे डाग पसरले, आंबट सडका वास आला, तर पिशवी न उघडता घराबाहेर न्या आणि लांब खड्ड्यात पुरा. घरात उघडलीत तर ती बुरशी बाकीच्यांवर जाईल. पिशवीवर आल्याची तारीख मार्करने लिहा. मी चिठ्ठीवर देणाऱ्यांची नावे लिहिली होती, तारीख एकीवरही नव्हती.

फ्रीजचे काय, हा प्रश्न येणारच. त्याचीही माझ्याकडे एक गोष्ट आहे. पिशव्या उकाड्याने मेल्या हे कळल्यावर मी शहाणी झाले. ऑगस्टमध्ये थोडे स्पॉन आणले. स्पॉन म्हणजे अळिंबीचे बी, दाण्यांवर वाढवलेले. ते घरच्या फ्रीजमध्ये तीन आठवडे जपून ठेवले. पेंढ्यात घातले तर काही केल्या धरेना. चौकशी केली तेव्हा कळले की मी आणली होती ती गुलाबी धिंगरी. पांढरी आणि करडी धिंगरी फ्रीजची थंडी सोसते, तिचे स्पॉन खालच्या कप्प्यात चार अंशांच्या आसपास तीन-चार आठवडे चांगले राहते. गुलाबी उष्ण देशातली, उकाड्यात ती इतरांपेक्षा तग धरते, पण फ्रीजमध्ये गारठून जाते. तिला पंधरा-वीस अंशांची थंड खोली हवी, फ्रीज नको. म्हणून घेतानाच जात विचारा. आणि बर्फाच्या कप्प्यात कुठलीच ठेवायची नाही. हे सगळे आम्हाला कुणी लपवून ठेवले होते असे नाही. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात अळिंबीचा प्रकल्प आहे, तिथे प्रशिक्षण मिळते. हिमाचलात सोलन येथे तर केंद्र सरकारची या एकाच विषयाची संशोधन संस्था आहे. आम्ही विचारायला गेलो नाही, एवढेच.

निर्गमाचा सोळावा अध्याय मी याच सभागृहात वाचून दाखवला आहे. रानात लोकांना मान्ना मिळत असे, ज्यांनी तो सकाळपर्यंत ठेवला त्यांच्याकडे त्यात किडे पडले आणि घाण सुटली. तेव्हा मी त्याचा अर्थ लोभाबद्दल सांगितला होता. ताडपत्री सोडली त्या दिवशी मला तो अध्याय वेगळाच आठवला. आमच्यात लोभ नव्हता, पण वास तोच होता. मग उत्पत्तीतला योसेफही आठवला. त्याने मिसरात सात वर्षांचे धान्य साठवले आणि ते टिकले. तेही देवाच्याच इच्छेने. म्हणजे साठवणे वाईट नाही. कोरडे काय आणि जिवंत काय, हे साठवणाऱ्याला कळले पाहिजे.

आपल्या कामात कोरडे काय आहे? पेंढा. भाताचा पेंढा कोकणात कार्तिकात निघतो. वाडीतल्या बायका भट्टीवर जायच्या आधी दुसऱ्यांच्या शेतात कापणी-झोडणीला जातातच, तिथे मजुरीबरोबर पेंढा मिळू शकतो. तो खडखडीत वाळवून घराच्या माळ्यावर ठेवला की जूनपर्यंत काही होत नाही. खाली चूल पेटत असेल तर धुराने आणखी चांगला राहतो. मात्र तो त्याच साली निघालेला, सोनेरी हवा, पाऊस खाल्लेला काळपट नको. त्यात आधीच दुसरी बुरशी असते. मागे राहणारी म्हातारी माणसे त्यावर लक्ष ठेवायला तयार आहेत. त्या आजीने तर सांगितले की तिच्या माळ्यावर पहिला भरा.

म्हणून या वर्षी तयार पिशव्या न्यायच्या नाहीत असे कमिटीत ठरले आहे. काहींना वाईट वाटेल, कारण पिशवीवर चिठ्ठी लावता येते आणि स्पॉनवर येत नाही. पण हिशेब बघा. एका पिशवीला एक किलो कोरडा पेंढा आणि साधारण शंभर ग्रॅम स्पॉन लागते. चाळीस पिशव्यांना चार किलो. मागच्या वर्षी एक खोली भरली होती, या वर्षी दोन फ्रीजचे भाजीचे कप्पे पुरतील. एक किलो पेंढ्यावर सगळे नीट झाले तर निदान अर्धा किलो ताजी अळिंबी मिळते, आणि उरलेला पेंढा खत होतो. पेंढा रात्रभर भिजवायचा, मग 80 अंशांच्या गरम पाण्यात तासभर ठेवायचा, निथळून गार करायचा. मुठीत दाबला तर हात ओला व्हावा, थेंब गळू नये. मग थर घालत बी पेरायचे. हे बायका स्वतः करतील. मागच्या पावसाळ्यात उरल्यासुरल्या दिवसांत आम्ही तिघींबरोबर सहा पिशव्या करून बघितल्या. पांढरे स्पॉन ताजे आणले होते, आल्याच्या दुसऱ्या दिवशी भरले. सहापैकी पाच पिशव्या आल्या. त्यांच्या घरात पावसाळ्यात गारवा आणि ओल आपसूक असते, आपल्यासारखी ओली गोणपाटे बांधावी लागत नाहीत. मला वाटते, मागच्या वर्षी आपण पिशव्यांऐवजी नुसता पेंढा आणि बी दिले असते, तरी त्या आपल्यापेक्षा बरे करून दाखवत्या.

स्पॉन तयार व्हायला दोन-तीन आठवडे लागतात, तेव्हा मागणी मेच्या मध्यापर्यंत नोंदवावी लागेल. पण उचलायचे मात्र वाडीतून निरोप आल्यावरच, माणसे भट्टीवरून परतली, पेंढा भिजला, असा. निरोप द्यायला तिथल्या अंगणवाडीच्या बाई तयार आहेत. दानार्पणात आलेले पैसे तोवर बँकेत राहतील. पैशाला बुरशी लागत नाही.

आता मागायचे ते मागते. एक लोखंडी पिंप हवे, दोनशे लिटरचे, पण त्यात कधी औषध किंवा रसायन भरलेले नको. पाण्याची उष्णता बघायला एक लांब थर्मामीटर हवा. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात तीन-चार दिवसांसाठी दोन घरांच्या फ्रीजचा खालचा कप्पा रिकामा हवा, आणि त्या घरात मुले सारखी फ्रीज उघडणारी नकोत, हे हसण्यावारी नेऊ नका. एक गाडी हवी. निघायचे रात्री दहानंतर, म्हणजे घाट गारव्यात ओलांडता येईल. स्पॉन थर्मोकोलच्या खोक्यात, माझ्या मांडीवर. खोके माझ्याकडे आहे, लसीचेच जुने.

वही दारापाशी ठेवली आहे. मागच्या वर्षी ज्यांनी पिशव्या दिल्या त्यांच्या नावांपुढे, कुणाची पिशवी सातांत होती आणि कुणाची नव्हती, ते मी लिहिलेले नाही. मलाही ते माहीत नाही. चिठ्ठ्या तोवर भिजून गेल्या होत्या. ज्यांना आपले पैसे परत हवे असतील त्यांनी संकोच करू नये. कमिटीशी बोलून मी माझ्याकडून तशी तजवीज केली आहे.